कर्नल मेडोज टेलर व ठगांचा सापळा

नांदेडच्या वायव्येस, फार दूर नव्हे अशा अंतरावर, हिंगोली हे गाव आहे. इसवी सन १८३० च्या सुमारास तेथे निजामाच्या इंग्रजी शिस्तीच्या फौजेची छावणी होती. छावणी म्हटली की बाजार आलाच. त्या बाजारात हरीसिंग नावाचा एक कापडाचा व्यापारी होता. वागणे सभ्य, बोलणे मधुर, व्यवहार चोख. छावणीतील गोरे अंमलदारही त्याच्याकडून माल घेत. एकदा त्याने मुंबईहून कापड आणावयाचे आहे असे सांगून कॅप्टन रेनल्ड्स या अंमलदाराकडून रीतसर परवाना मागून घेतला. माल खरोखरच मुंबईहून निघालेला होता. परंतु तो हरीसिंगाचा नव्हता. जवळच्याच एका गावचा दुसरा व्यापारी तो घेऊन येत होता. हरीसिंगाने वाटेत त्या व्यापाऱ्यास, त्याच्या चाकरांस व बैल हाकणाऱ्यांस ठार केले, प्रेते पुरून टाकली, आणि सरकारी परवान्याच्या आधारे तोच माल छावणीत आणून राजरोस विकला. कोणास संशयही आला नाही. पुढे तो पकडला गेला व त्याने आपण होऊन ही हकीकत सांगितली तेव्हाच ती उघडकीस आली; आणि सांगताना त्यास पश्चात्ताप तर नव्हताच, उलट एखादी उत्तम थट्टा केल्याचा आनंद होता.

ज्या अंमलदारांनी या हरीसिंगाशी देवघेव केली होती त्यांपैकी एक तरुण लेफ्टनंट ही हकीकत ऐकून जन्मभर विसरला नाही. छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, माणसे मारली गेली होती व पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली गेली होती. माफीच्या साक्षीदारांनी एकेक जागा दाखविली, कुदळी चालल्या, आणि खड्ड्यांतून प्रेते निघू लागली. त्या वेळी हा तरुण तेथे उभा होता. त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर. हिंदुस्थानावर इंग्रजीत कादंबऱ्या लिहिणाऱ्यांत पुढे त्याचे नाव अग्रभागी आले, आणि आपल्या मराठवाड्याच्या मातीशी त्याचा जितका संबंध आला तितका दुसऱ्या कोणत्याही इंग्रज कादंबरीकाराचा आला नसेल.

टेलर यांचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूल येथे झाला. वडील व्यापारी होते. परंतु व्यापार बुडाला व मुलास कोवळ्या वयातच एका पेढीवर कारकुनी करावी लागली. पंधराव्या वर्षी त्यास मुंबईस बॅक्स्टर नावाच्या व्यापाऱ्याकडे पाठविण्यात आले. मुलगा १८२४ साली मुंबईच्या बंदरात उतरला तो मोठ्या आशेने; पाहतो तो ज्या पेढीच्या भरवशावर सात समुद्र ओलांडले ती पेढीच डबघाईस आलेली. घरापासून हजारो मैलांवर, खिशात पैसा नाही, हातात कसब नाही, अशा स्थितीत तो सापडला. सुदैवाने न्यूनहॅम नावाचे एक नातलग मुंबई सरकारात मुख्य चिटणीस होते. त्यांच्या खटपटीने निजामाच्या फौजेत मुलास जागा मिळाली व त्याच वर्षी तो औरंगाबादेस रुजू झाला. कंपनीची नोकरी व निजामाची नोकरी यांत त्या काळी मोठा भेद मानीत. कंपनीच्या चाकरीत मान, बढती व पेन्शन यांची शाश्वती. निजामाच्या चाकरीत ती नव्हती. हा कमीपणा टेलर यांना आयुष्यभर भोवला. परंतु त्याचमुळे त्यांना लोकांच्या अधिक जवळ राहावे लागले. फारसी, हिंदुस्थानी व मराठी या भाषा त्यांनी शिकून घेतल्या. जमिनीची मोजणी, बांधकाम व कायदा हेही स्वतःच पुस्तके वाचून आत्मसात केले. शाळा तर पंधराव्या वर्षापूर्वीच सुटली होती!

वयाची विशी उलटते न उलटते तोच त्यांना निजामाच्या नैर्ऋत्य मुलखात पोलिसांवरील दुय्यम अधिकारी नेमण्यात आले व तुळजापूर हे मुख्य ठाणे झाले. आज लातूरहून तुळजापुरास जावयास फार वेळ लागत नाही. त्या काळी बालाघाटच्या पठारावरून घोड्यावर बसून रानोमाळ हिंडावे लागे. दरोडेखोर, पुंड नाईक, जमिनीच्या हद्दीवरून डोकी फोडणारे गावकरी, यांचा बंदोबस्त करता करता या तरुणाच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट येऊ लागली. माणसे नाहीशी होत होती. दरोडा पडला की आरडाओरड होते, जखमी सापडतात, प्रेते सापडतात. येथे तसे काहीच नाही. एखादा सावकाराचा हुंडेकरी, एखादा रजेवर घरी चाललेला शिपाई, एखादे कुटुंब, अमक्या गावाहून निघाले ते तमक्या गावी पोहोचलेच नाही, एवढेच. मधल्या गावी विचारावे तर कोणी काही पाहिलेले नसे. त्या दिवसांत प्रवासास निघालेल्या माणसाचे पत्र सहा सहा महिने आले नाही तरी घरची माणसे घाबरत नसत. म्हणून ओरड करणारेही कोणी नव्हते.

टेलर यांना संशय आला व त्यांनी चौकशीस आरंभ केला. तोच १८२९ साली हैदराबादेस गादीवर नवे निजाम नासिरुद्दौला आले व त्यांनी मुलकी कारभारावरील इंग्रज अंमलदार काढून घ्यावे अशी मागणी केली. ती मान्य झाली आणि टेलर यांस चौकशी अर्धवट टाकून पलटणीत परत जावे लागले. त्यानंतर थोड्याच काळाने मध्य हिंदुस्थानात कॅप्टन स्लीमन यांनी फिरंगिया नावाच्या ठगाच्या नायकास पकडले, त्याने इतरांची नावे सांगितली व त्या नावांतून पुढची नावे निघत गेली. हिंगोलीचा हरीसिंग सापडला तो या जाळ्यात. टेलर यांनी आपण होऊन या कामात नाव दिले व साक्षीदारांच्या जबान्या ऐकण्याचे काम पत्करले. तेथे बसून, समोरच्या माणसाने शांतपणे सांगितलेल्या हकीकती ऐकताना, आपण तुळजापुरी असताना कशाच्या कडेकडेने चालत होतो हे त्यांना प्रथम कळले.

आता हा सापळा कसा असे ते सांगितले पाहिजे, कारण टेलर यांची सारी कीर्ती त्याच्यावरच उभी आहे. सापळा म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे यंत्र येते. दौलताबादचा किल्ला आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनी सहलीत पाहिला असेल. तेथे खडकाच्या पोटातून वर जाणारी अंधारी आहे. पायऱ्या मुद्दाम लहानमोठ्या ठेविलेल्या, वाट पुनःपुन्हा वळणारी. एका वळणावर उजेड दिसतो, म्हणून शत्रू तिकडे धावला तर थेट खाली खंदकात पडतो. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण, त्यावर विस्तव पेटवून धूर व आच आत सोडावयाची सोय. हा दगडाचा सापळा होय. तो कोणास लागतो? जो बळजबरीने आत शिरतो त्यास. सरळ दाराने येणाऱ्या पाहुण्यास त्याची बाधा नाही.

ठगांचा सापळा याच्या अगदी उलट होता. तो विश्वास टाकणाऱ्यासच लागे. पावसाळा सरून दसरा झाला की रस्ते वाहू लागत आणि त्याच वेळी ठगही व्यापाऱ्यांच्या, शिपायांच्या किंवा यात्रेकरूंच्या वेषात बाहेर पडत. त्यांच्यात कामाची वाटणी असे. सोठा म्हणजे गोड बोलून वाटसरूस टोळीत ओढणारा. तो धर्मशाळेत किंवा बाजारात ओळख करी, वाटेतील चोरांच्या भीतीच्या गोष्टी सांगे आणि एकट्याने जाण्यापेक्षा आमच्या सोबतीने चला असे सुचवी. म्हणजे भय दाखवावयाचे ते चोरांचे, आणि आसरा द्यावयाचा तो चोरांचाच. पुढे गेलेले काही लोक बेल नावाची जागा निवडून ठेवीत. ओढ्याची मऊ वाळू, आंब्याची राई, वस्तीपासून दूर. लुघा हे खड्डे खणणारे. वाटसरू अजून मागच्या मुक्कामावर जेवीत असतो आणि पुढच्या मुक्कामावर त्याचा खड्डा तयार झालेला असतो. मग सर्वजण बसतात, कोणी गाणे म्हणतो, कोणी आकाशातील तारे दाखवितो, त्यामुळे मान वर होते. नायक तंबाखू मागविण्यासारखे एखादे साधे वाक्य उच्चारतो. त्या इशाऱ्यास झिरणी म्हणत. मागे बसलेल्या भुर्तोटाच्या हातात रुमाल असतोच. वाटसरूस त्यांच्या बोलीत बनीज म्हणजे व्यापाराचा माल असे नाव होते, या एका शब्दात पुष्कळ काही आले.

येथे यंत्र नाही, कळ नाही, खटका नाही. सापळ्याचे सर्व भाग माणसेच आहेत, आणि त्याचे तोंड म्हणजे एक गोड बोलणारा सोबती. टेलर यांनी ओळखले की हीच गोष्टीची गुरुकिल्ली आहे.

१८३९ साली, सुट्टीवर इंग्लंडात असताना, त्यांनी एका ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी तीन भागांत प्रसिद्ध केली. तोपर्यंत इंग्रजीत रहस्याच्या कादंबऱ्या पुष्कळ झाल्या होत्या. पडके किल्ले, भुयारे, फिरणाऱ्या भिंती, पायाखाली उघडणाऱ्या फरश्या, हे साहित्य वाचकांच्या अंगवळणी पडले होते. त्या गोष्टींत वाचक नायकाबरोबर अंधारात चालतो आणि फरशी उघडली की नायकाबरोबरच दचकतो. दचकणे एका क्षणात संपते. टेलर यांनी वाचकास सापळा लावणाराच्या बाजूस नेऊन बसविले. गोष्ट सांगतो तो अमीर अली नावाचा ठग, तुरुंगात, एका साहेबापुढे. खड्डा कोठे खणला आहे हे वाचकास ठाऊक, इशारा कोणता हे ठाऊक, कोण कोणाच्या मागे बसणार हेही ठाऊक. ठाऊक नाही ते फक्त त्या वाटसरूस. तो आपल्या मुलाबाळांविषयी बोलतो, घरी पोहोचल्यावर काय करावयाचे ते सांगतो, सोबतीबद्दल आभार मानतो. आणि वाचक पान उलटण्यास भितो व उलटल्यावाचून राहवतही नाही. भय दचकण्यात नसून वाट पाहण्यात आहे, हे मर्म पुढे शंभर वर्षांनी चित्रपटवाल्यांनी पुन्हा शोधून काढले. टेलर यांस ते हिंगोलीच्या उघड्या खड्ड्यांपाशी उमगले होते.

त्याहूनही खोल अशी दुसरी युक्ती या कथेत आहे. अमीर अली हा जन्माने ठग नव्हे. तो लहान असताना त्याचे आईबाप प्रवासात ठगांच्या हातून मरतात आणि मारणाऱ्या टोळीतीलच इस्माईल त्यास मुलगा म्हणून वाढवितो. ज्याच्यावर तो बापाप्रमाणे प्रेम करतो तोच त्याच्या बापाच्या मृत्यूस कारण झालेला आहे, हे त्यास फार उशिरा कळते. पुढे तो स्वतः नायक होतो, एकामागून एक सापळे लावतो, आणि एका प्रवासात ज्या स्त्रीचा तो जीव घेतो ती त्याची लहानपणी ताटातूट झालेली सख्खी बहीण निघते. गळ्यातील एका खुणेवरून ते उघड होते. म्हणजे जो सापळा त्याने परक्यांसाठी लावला त्यात त्याचे स्वतःचेच रक्त सापडले. कथेतील अमीर अली आपल्या हातून झालेल्या खुनांचा आकडा ७१९ सांगतो व तो अभिमानाने सांगतो. त्या ७१९ जणांनी जे केले नाही ते एका बहिणीच्या मृत्यूने केले. त्यानंतरच्या पानांत त्याच्या बढाईचा आवाज फुटका लागतो. आमच्या मते सबंध पुस्तकात हाच भाग सर्वांत थोर आहे.

पुस्तक फार गाजले. राणी व्हिक्टोरिया नुकत्याच गादीवर आल्या होत्या. त्यांनीही छापखान्यातून निघणारी पाने मोठ्या उत्सुकतेने मागवून वाचली असे टेलर यांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. पुढच्याच वर्षी टिपू सुलतानावरील त्यांची कादंबरी निघाली. मराठी वाचकांस तिचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. हरि नारायण आपटे यांनी म्हैसूरचा वाघ ही आपली पहिली ऐतिहासिक कादंबरी लिहिली ती याच कथेच्या आधारे. मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या मोठ्या वाड्याचा एक दगड अशा रीतीने मेडोज टेलर यांच्या हातचा आहे.

१८४१ मध्ये टेलर यांस सुरापूर संस्थानात पाठविण्यात आले व तेथे बारा वर्षे त्यांनी अल्पवयी राजा व्यंकटप्पा नाईक याचे पालक म्हणून काम पाहिले. राजा त्यांना अप्पा म्हणे. येथेच १८४४ साली त्यांची पत्नी मेरी वारली. ती हैदराबादचे पेढीवाले विल्यम पामर यांची कन्या; पामरांची आई हिंदी बेगम होती, त्यामुळे टेलर यांच्या मुलांच्या अंगी या देशाचेही रक्त होते. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब व नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. त्यांपैकी नळदुर्गचा कारभार टेलर यांच्याकडे आला. तरुणपणी ज्या मुलखातून ते चौकशी अर्धी टाकून गेले होते त्याच मुलखात पंचवीस वर्षांनी ते मुख्य अधिकारी होऊन परतले. नळदुर्गाच्या किल्ल्यात बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळचा बांध आहे व बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. वरून धबधबा कोसळत असता आत माणूस कोरडा बसू शकतो. हा बांध टेलर यांना फार आवडे. पुढे निजामी अमलात याच नळदुर्ग जिल्ह्यात औसा तालुका होता, आणि लातूर त्या तालुक्यात मोडे. १९०५ साली लातूर हा स्वतंत्र तालुका झाला व १९८२ साली जिल्हा. टेलर यांच्या वेळी लातूरची आजची बाजारपेठ नव्हती. त्यांनी मुलखाची मोजणी सुरू केली, रस्ते व तलाव यांकडे लक्ष पुरविले. ज्या रस्त्यांवर माणसे नाहीशी होत त्या रस्त्यांची लांबीरुंदी आता त्यांच्या नकाशावर उमटत होती.

१८५७ च्या धामधुमीत त्यांस वऱ्हाडात बुलढाण्यास जाण्याचा हुकूम झाला. बरोबर फौज नव्हती. लोकांची ओळख व विश्वास एवढ्याच बळावर त्यांनी तो मुलूख शांत ठेविला. परंतु सुरापूरची वार्ता वाईट आली. व्यंकटप्पा नाईक १८५८ च्या आरंभी इंग्रजांविरुद्ध उठला, पकडला गेला. देहान्ताची शिक्षा कमी होत होत चार वर्षांच्या कैदेवर आली. परंतु कैदेत नेत असता वाटेतच गोळी लागून त्याचा अंत झाला. ती गोळी त्याने स्वतःच झाडली असे मानतात. हा राजा चोविसाव्या वर्षी मरेल असे भाकीत त्याच्या बालपणीच ज्योतिष्याने वर्तविले होते व टेलर यांना ते ठाऊक होते. ज्यास मुलाप्रमाणे वाढविले तो आपल्याच सरकारच्या कैदेत गेला याचे दुःख त्यांच्या आत्मचरित्रात स्पष्ट दिसते. तथापि ज्या राज्ययंत्राची त्यांनी सेवा केली त्याच्याविषयी त्यांस कधी शंका आलेली दिसत नाही. हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल.

१८६० मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे त्यांनी हिंदुस्थान सोडला, आणि नंतर घरी बसून उरलेल्या कादंबऱ्या लिहिल्या. १८६३ सालची तारा ही त्यांतील श्रेष्ठ. ती उघडते तुळजापुरात, भवानीच्या मंदिराच्या सान्निध्यात. तारा ही तेथील एका शास्त्र्याची विधवा कन्या. कथेत प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेली अफजलखानाची भेटही येते. शामियाना, गालिचे, मोजके सोबती, गोड निरोप, आणि दोन्ही पक्षांच्या अंगरख्याखाली काय आहे याची परस्परांस शंका: पुन्हा एकदा वाचक सर्व जाणतो व वाट पाहतो. त्या भेटीकडे टेलर विजापूरच्या बाजूने पाहतात, म्हणून मराठी वाचकास ते प्रकरण खटकेल. पण तुळजापूरच्या गल्ल्या, यात्रेची गर्दी, संबळ व पोत यांचे वर्णन परक्या माणसाने इतक्या आपुलकीने केलेले दुसरीकडे आढळत नाही.

आता ठगांविषयी आजचे अभ्यासक काय म्हणतात तेही सांगितले पाहिजे. वाटसरूंचे खून करणाऱ्या टोळ्या होत्या, यात शंका नाही. हिंगोलीचे खड्डे रिकामे नव्हते. परंतु सबंध देशभर पसरलेला, एका देवीच्या आज्ञेने चालणारा, पिढ्यान्‌पिढ्यांचा एकच गुप्त पंथ होता, हे चित्र बव्हंशी माफीच्या साक्षीदारांच्या तोंडून आलेले आहे, आणि माफीच्या साक्षीदाराचे जिवंत राहणे तो किती नावे सांगतो यावर अवलंबून होते. प्रश्न विचारणारा साहेब जे ऐकावयास उत्सुक असे तेच उत्तर येई. १८३६ च्या कायद्याने तर केवळ ठगांच्या टोळीत असणे एवढ्यावरच जन्मठेप देता येऊ लागली; खून शाबीत करण्याची गरज उरली नाही. जन्मावरून माणसास गुन्हेगार ठरविण्याची हीच दृष्टी पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यात आली, आणि भटक्या जमातींच्या कित्येक पिढ्या पोलिसांच्या हजेरीत व कुंपणाच्या वसाहतींत जळून गेल्या. तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला. पण पालावर राहणाऱ्या मुलाकडे संशयाने पाहण्याची खोड आमच्या गावांतून पुरती गेली आहे असे कोण म्हणेल?

टेलर यांच्या पुस्तकाने हे सर्व घडविले असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांचा अमीर अली माणूस आहे. तो मुलाबाळांसाठी व्याकुळ होतो, मित्रासाठी जीव टाकतो. मात्र त्या पुस्तकाची नक्कल करणाऱ्यांनी माणूस गाळला व सापळा तेवढा ठेविला. फ्रेंच कादंबरीकार यूजेन स्यू यांनी १८४४ मध्ये आपल्या कथेत एक ठग नेऊन बसविला. त्यानंतर यूरोपात ठग म्हणजे पूर्वेकडील गूढ भय असे समीकरणच झाले. १९८४ साली अमेरिकेत निघालेल्या इंडियाना जोन्सच्या दुसऱ्या चित्रपटात तर ठगांचे भूमिगत मंदिर दाखविले आहे. तेथे छतातून सुळे खाली येतात, कळ दाबली की मरण. आमच्या सरकारने त्या कथेस आक्षेप घेतल्यामुळे चित्रण श्रीलंकेत करावे लागले. खऱ्या ठगाजवळ रुमाल, कुदळ आणि गोड वाणी यांपलीकडे काही नव्हते, हे त्या चित्रकर्त्यांना सांगूनही पटले नसते. कारण गोड वाणी पडद्यावर दिसत नाही, सुळे दिसतात.

मुलांच्या संगणकावरील खेळांतही तेच. १९८२ चा पिटफॉल घ्या किंवा १९८९ चा प्रिन्स ऑफ पर्शिया घ्या. खड्डे, खालून उसळणारे भाले, ढासळणारी फरशी. खेळणारा एकदा मरतो, सापळ्याची जागा लक्षात ठेवितो, दुसऱ्या खेपेस उडी मारून पलीकडे जातो. यात मौज आहे व चपळाईची परीक्षाही आहे. फरक इतकाच की हिंगोलीच्या वाटेवरील व्यापाऱ्यास दुसरी खेप नव्हती, आणि त्याची जागा लक्षात ठेवणारा त्याच्या मागेच बसलेला होता. घरोघरी येणाऱ्या दूरध्वनीवर हल्ली जो गोड आवाज बँकेचा किंवा पोलिसांचा अधिकारी म्हणून बोलतो, प्रथम चोरांची भीती घालतो व मग पैसे सुरक्षित ठेवण्यासाठी आपल्या हवाली करा म्हणतो, त्याची रीत पालकांनी सोठ्याच्या रीतीशी ताडून पाहावी.

टेलर यांस १८६९ साली सरकारकडून किताब मिळाला. १८७५ मध्ये हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्या निमंत्रणावरून ते अखेरचे या देशी आले. त्या खेपेत दृष्टी जवळजवळ गेली. परतीच्या प्रवासात फ्रान्सच्या किनाऱ्यावरील मेंटोन या गावी १३ मे १८७६ रोजी त्यांचा अंत झाला. त्यांच्या मुलीने दुसऱ्या वर्षी आत्मचरित्र छापून प्रसिद्ध केले. त्यात सुरापूर आहे, नळदुर्ग आहे, बुलढाणे आहे. आणि तुळजापूरच्या दिवसांविषयी लिहिताना, १८२९ साली आपली बदली झाली नसती तर ठगांचा छडा आपणच प्रथम लावला असता, ही हळहळ त्या वृद्ध माणसाने जवळजवळ पन्नास वर्षांनंतरही टिपून ठेविली आहे.